एस्पेरांतोत ‘शरीर’ म्हणजे कोर्पो : एका शब्दापासून सगळ्या अंगापर्यंत कसं जायचं

एस्पेरांतो, म्हणजे १८८७ साली मुद्दाम रचलेली भाषा, शिकायला घेतली की बहुतेक जण लगेच अवयवांची यादी शोधतात, डोकं कापो, हात मानो, पाय पिएदो असं साठ-सत्तर शब्दांचं घोकंपट्टी सेशन होतं आणि पुढच्या आठवड्यात त्यातले निम्मे गायब. यादीत वाईट काही नाही, पण ही भाषा यादीने शिकायची भाषाच नाहीये. इथे एक मूळ घ्यायचं, त्याला प्रत्ययांच्या शेपट्या लावायच्या, दुसऱ्या मुळाला जोडायचं, म्हणजे एका शब्दातून पंधरा निघतात. म्हणून या लेखात एकच शब्द धरून चालणार आहे, कोर्पो म्हणजे शरीर, आणि त्याच्या आधाराने पुढे अवयव, दुखणी-खुपणी आणि शेवटी इदो, इंटरलिंग्वा वगैरे अशाच मुद्दाम रचलेल्या चुलत भाषांमध्ये हाच शब्द कसा दिसतो तिथपर्यंत जायचं. घाई करू नका, एका बैठकीत एक-दोन पायऱ्या पुरे.

पायरी १ : आधी तोंडाला वळण

लिहिताना पाच रोमन अक्षरं, के-ओ-आर-पी-ओ, आणि बोलताना पाचच आवाज. एस्पेरांतोत अक्षर तसा उच्चार, सायलेंट-बियलेंट भानगड नाही. र नीट वाजला पाहिजे, इंग्लिशसारखा गिळायचा नाही. आपण मराठीवाले इथे आपोआप बरोबर असतो.

जोर मात्र लक्षात ठेवा, तो नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. कोर्पोमध्ये ‘कोर्’वर, ओकूलोमध्ये (डोळा) ‘कू’वर, विझाजोमध्ये (चेहरा) ‘झा’वर. आपण मराठीत सगळे स्वर सारख्याच वजनाने बोलतो त्यामुळे आपली एस्पेरांतो सपाट ऐकू येते, समजते पण सपाट. मी या लेखात जोराचा स्वर शक्यतो दीर्घ लिहिलाय, तसंच वाचा म्हणजे काम होतं. प्रत्यय लागून शब्द लांबला की जोर पुढे सरकतो, म्हणजे कोर्पोला मोठेपणाचा ‘एग’ लावून ‘कोर्पेगो’ (धिप्पाड देह) केलं की जोर ‘पे’वर आला.

त आणि द हे दातांना जीभ लावून, ट-ड नाही. दात म्हणजे देन्तो, ‘डेंटो’ म्हटलंत तरी समजेल पण कानाला इंग्लिश वाटेल. आणि आपला एक छुपा फायदा : मराठीत च दोन तऱ्हेचा आहे, ‘चहा’तला आणि ‘चांगला’तला. एस्पेरांतोत यांना दोन वेगळी अक्षरं आहेत, चहातल्या च साठी टोपीवालं (वर टोपीसारखी खूण असलेलं) सी आणि चांगलातल्या च साठी साधं सी. म्हणून मेंदूचा शब्द त्सेर्बो म्हणताना ‘चांगला’तला च धरा, बरोबर बसतो. ज चंही तसंच, ‘जीव’मधला ज म्हणजे टोपीवालं जी. झूममधला आवाज म्हणजे झेड, तो मी झ ने लिहितोय. काही भाषांतल्या लोकांना यावर वेगळी प्रॅक्टिस करावी लागते.

पायरी २ : शेपट्या

मूळ आहे ‘कोर्प’. याला ओ लावला की नाम, कोर्पो. आ लावला की विशेषण, कोर्पा म्हणजे शारीरिक. ए लावला की क्रियाविशेषण, कोर्पे म्हणजे शरीराने. कोर्पे काय आनीमे म्हणजे देहाने आणि आत्म्याने, ‘काय’ म्हणजे आणि, ते आपलं प्रश्नार्थक काय नव्हे. याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो, प्रत्येक वाक्यात कुणीतरी प्रश्न विचारतंय असं वाटतं. उलट ‘मी’ म्हणजे मात्र खरंच मी, तो एक फुकटात मिळालेला शब्द.

अनेकवचनाला य, कोर्पोय म्हणजे शरीरं. कर्माला न, कोर्पोन. दोन्ही असेल तर आधी य मग न, कोर्पोयन. आणि विशेषण नामाच्या मागे मागे फिरतं, त्यालाही य आणि न लागतात. शी हावास ब्लूआयन ओकूलोयन, म्हणजे तिचे डोळे निळे आहेत, शब्दशः ‘ती बाळगते निळे डोळे’. इंग्लिशवाल्यांना हे जड जातं, पण आपण मोठा-मोठी-मोठे-मोठ्या करत वाढलोय, विशेषण बदलणं आपल्याला नवीन नाही, आणि इथे लिंग नसल्यामुळे उलट सोपंच आहे. डोळा पुल्लिंगी, मान स्त्रीलिंगी, डोकं नपुंसकलिंगी हा आपला घोळ इथे नाही.

पायरी ३ : न कुठे लागतो, आणि ‘आपले’ हात

ही पायरी जरा सावकाश घ्या कारण शरीराबद्दल बोलताना नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो.

पहिलं, ज्याच्यावर क्रिया होते त्याला न. मी लावास ला मानोयन, मी हात धुतो. ‘ला’ हे इंग्लिशच्या दि सारखं निश्चित उपपद, ते कधीच बदलत नाही.

दुसरं, न चा अजून एक उपयोग आहे तो म्हणजे दिशा. ला मानो एस्तास सूर ला कापो : हात डोक्यावर आहे, आधीपासूनच तिथे आहे. ली मेतीस ला मानोन सूर ला कापोन : त्याने हात डोक्यावर ठेवला, म्हणजे हात आधी दुसरीकडे होता आणि मग डोक्यावर आला. इथे ‘मानोन’ चा न कर्माचा आणि ‘कापोन’ चा न दिशेचा, एकाच वाक्यात दोन न, दोन वेगळी कारणं. मराठीत ‘डोक्यावर’ दोन्हीकडे तसंच राहतं, त्यामुळे आपल्याला हा फरक दिसतच नाही. तसंच एन ला कोर्पो म्हणजे शरीरात (आहे), एन ला कोर्पोन म्हणजे शरीरात (शिरलं). विष शरीरात गेलं म्हणायचं तर दुसरं वापरा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मजेशीर, ‘सिया’. तो आपले हात धुतो : ली लावास सियायन मानोयन. तो त्याचे हात धुतो, म्हणजे दुसऱ्याच कुणाचे तरी, समजा नर्स असेल आणि पेशंटचे धुत असेल : ली लावास लियायन मानोयन. आता बघा, मराठीत आपण नेमका हाच फरक ‘आपले’ आणि ‘त्याचे’ मध्ये करतो, त्यामुळे ‘आपले’ ऐकू आलं की सिया लावा. पण यात एक खड्डा आहे. मराठीत आपण ‘मी आपले हात धुतो’, ‘तू आपलं तोंड बघ’ असंही बोलतो. एस्पेरांतोत सिया फक्त तिसऱ्या पुरुषासाठी आहे, तो-ती-ते-त्या. मी असेल तर मियायन मानोयन, तू किंवा तुम्ही असेल तर वियायन. आणि सिया वाक्याच्या कर्त्यात कधीच येत नाही, त्याचं डोकं दुखतंय म्हणजे लिया कापो दोलोरास, सिया कापो नाही.

याचा सराव म्हणून पाच-सहा अवयव घ्या, आणि प्रत्येकाचं मी, तुम्ही, तो, ती असं वाक्य मोठ्याने म्हणा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण वाक्यात बसलेलं व्याकरण टिकतं, टेबलातलं टिकत नाही.

पायरी ४ : कोर्पोचं घराणं

आता जोडाजोडी. सेन म्हणजे शिवाय, म्हणून सेनकोर्पा म्हणजे देह नसलेला, अशरीरी. पार्तो म्हणजे भाग, कोर्पोपार्तो म्हणजे शरीराचा भाग. गार्दीस्तो म्हणजे रखवालदार, कोर्पोगार्दीस्तो म्हणजे बॉडीगार्ड. आन्तिकोर्पो म्हणजे रक्तातली अँटीबॉडी. फ्रेम्दा कोर्पो म्हणजे डॉक्टर लोक ज्याला फॉरेन बॉडी म्हणतात ते, डोळ्यात गेलेलं कुसळ वगैरे. एन म्हणजे आत आणि ‘इग’ म्हणजे करवणं, त्यावरून एनकोर्पीगी म्हणजे एखाद्या कल्पनेला देह देणं, मूर्त रूप देणं. हे सगळे शब्द वेगळे पाठ करायचे नसतात, तुकडे माहीत असले की पहिल्यांदा वाचतानाच कळतात, आणि याच कारणासाठी मी यादीच्या विरोधात आहे.

कोर्पो कुठे वापरायचा नाही हेही माहीत पाहिजे. मेलेल्या माणसाच्या देहाला कोर्पो म्हटलं तर चुकत नाही, पण नेमका शब्द कादाव्रो, प्रेत. इंग्लिशमधला कॉर्प्स डोक्यात असल्यामुळे लोकांना वाटतं कोर्पो म्हणजेच प्रेत, तसं अजिबात नाही, कोर्पो हा जिवंत माणसाचा नेहमीचा शब्द आहे. हात-पाय-डोकं सोडून मधलं धड म्हणजे त्रून्को, आणि झाडाचं खोडही त्रून्कोच. मांस दोन प्रकारचं, अंगावरचं ते कार्नो आणि ताटातलं ते विआन्दो, यांची अदलाबदल केलीत तर वाक्य भयंकर होतं. आणि कोर्पूसो हा आणखी वेगळा शब्द, भाषाशास्त्रातल्या मजकूरसंग्रहाला वापरतात, त्याचा आजच्या अर्थाने शरीराशी संबंध नाही.

पायरी ५ : कोर् ने सुरू होणारी गर्दी

हा भाग मुद्दाम वेगळा काढलाय कारण नवीन माणूस इथे हमखास आपटतो. कोरो म्हणजे हृदय. कोर्पो शरीर. कोर्नो शिंग. कोर्वो कावळ्याच्या जातीचा पक्षी. कोर्बो टोपली. कोर्तो अंगण. कोर्दो वाद्याची तार. कोर्को बुचाचं लाकूड. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की हृदयाच्या जागी टोपली.

माझा सल्ला, हे आठही एकदम शिकू नका. आधी फक्त कोरो आणि कोर्पो पक्के करा, वाक्यात : ला कोरो एस्तास एन ला कोर्पो. बाकीचे जसे वाचनात भेटतील तसे त्यांच्या त्यांच्या संदर्भात येऊ द्यात. सारखे दिसणारे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाठ केले की ते एकमेकांना चिकटतात, हा अनुभव कुठल्याही भाषेत येतो.

कोरोवरून एक सुंदर गोष्ट मिळते, कोरान दान्कोन म्हणजे मनापासून आभार, हे रोजच्या ईमेलमध्ये लिहायला लागा. आणि पार्केरे म्हणजे तोंडपाठ. हा फ्रेंचमधल्या ‘हृदयाने’ अशा वाक्प्रचारावरून उचललेला आहे, म्हणजे हृदय आत दडलंय पण एस्पेरांतोच्या नियमाने ते कोरोपासून बनलेलं नाही, त्यामुळे त्याची फोड करत बसू नका. अशीच फसवी फोड म्हणजे कापाब्लो, याचा अर्थ क्षमता, डोक्याशी काही देणंघेणं नाही.

आणि अजून एक जोडी सांगून ठेवतो नाहीतर फजिती होईल, पूग्नो म्हणजे मूठ आणि पूगो म्हणजे कुल्ले, तेही जरा अशिष्ट अंगाने. ‘पूग्नो’मधला न गाळू नका.

पायरी ६ : अवयव, पण संस्कृतच्या खांद्यावर

आता अवयव. एस्पेरांतोचे बहुतेक शब्द लॅटिन आणि तिच्या मुलींकडून, थोडे जर्मन-इंग्लिश-रशियन-पोलिश वगैरेंकडून घेतलेले. लॅटिन आणि संस्कृत एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या, म्हणून आपल्याकडे आठवणीचे खुंटे तयार आहेत. देन्तो आणि दंत सरळच दिसतं. नाझो आणि नासा (नासिका). गेनूओ म्हणजे गुडघा, आणि आपला जानु, आजानुबाहूमधला. ओस्तो म्हणजे हाड, अस्थि. ब्रोवो म्हणजे भुवई, भ्रू. पिएदो म्हणजे पाऊल, पद. जरा डोळे बारीक करून बघितलं तर उन्गो आणि नख, ओकूलो आणि अक्षि, उम्बिलीको आणि नाभी, हेपातो (लिव्हर) आणि यकृत हेही एकाच मुळाचे आहेत, आवाज हजारो वर्षांत घासून वेगळे झालेत इतकंच. खुद्द लॅटिन कोर्पुसचा नातेवाईक म्हणून भाषाशास्त्रज्ञ वैदिक संस्कृतातला कृप् दाखवतात, रूप-सौंदर्य अशा अर्थाचा, पण तो आज मराठीत जिवंत नाही त्यामुळे पाठांतराला उपयोग शून्य.

ज्यांना असा खुंटा नाही ते थोडे घोकायला लागतातच : कापो डोकं, हारो केस (एक केस, पूर्ण केशसंभार म्हणजे हारारो), ओरेलो कान, बूशो तोंड, लान्गो जीभ, कोलो मान, गोर्जो घसा, शुल्त्रो खांदा, ब्राको दंडापासूनचा पूर्ण हात, मानो पंजापुरता हात, ब्रूस्तो छाती, दोर्सो पाठ, वेन्त्रो पोट, क्रूरो पाय, हाउतो त्वचा, सान्गो रक्त. क्रूरो लक्षात ठेवायला मराठी माणसाला कष्ट पडू नयेत.

यात मराठीचा एक अडथळा आहे, आपण ‘हात’ आणि ‘पाय’ या शब्दांत सगळं कोंबतो. हात मोडला म्हणजे ब्राको, हात धुतला म्हणजे मानो. पाय दुखतोय म्हणजे क्रूरो, पायाखाली म्हणजे पिएदो. क्रूरोऐवजी गाम्बोही बरेच जण वापरतात, दोन्ही चालतं. पोटाचंही तसंच, बाहेरून दिसतं ते वेन्त्रो आणि आतली अन्नाची पिशवी स्तोमाको.

आणि मग परत जोडाजोडी, जी या भाषेची खरी मजा. जाड बोट म्हणजे अंगठा, दिकफिन्ग्रो. पायाचं बोट, पिएदफिन्ग्रो. हाताचं मूळ म्हणजे मनगट, मानरादीको. हाताची थाळी म्हणजे तळवा, मानप्लातो. मान हलवून हो म्हणणं कापयेसी, कारण येस म्हणजे हो, आणि मान हलवून नाही म्हणणं कापनेई. पायाने जाणं म्हणजे चालत जाणं, पिएदीरी. डोळ्याच्या काचा म्हणजे चष्मा, ओकुलवीत्रोय. डोळ्यांचा डॉक्टर ओकुलीस्तो, आणि ही भाषा करणारा लुदविक झामेनहोफ स्वतः नेत्रवैद्यच होता, वॉर्सात प्रॅक्टिस करायचा, १८८७ साली ‘डॉक्टर एस्पेरांतो’ (आशा करणारा डॉक्टर) या टोपणनावाने त्याने पहिलं पुस्तक काढलं आणि टोपणनावच भाषेचं नाव होऊन बसलं.

एक साचा तर इतका कामाचा आहे की त्यावर एक संध्याकाळ घालवा : विशेषण, मग अवयव, मग आ. ब्लुओकूला निळ्या डोळ्यांचा, लोन्गहारा लांब केसांचा, लोन्गनाझा लांब नाकाचा, क्वारपिएदा चार पायांचा, उनुओकूला एकाक्ष. संस्कृतचा बहुव्रीही समास शाळेत घोकला असेल तर हे तेच आहे, चतुष्पाद आणि क्वारपिएदा यांची रचना एकच, अगदी तुकडेही एकाच मुळातले. घरातल्या प्रत्येकाचं असं एका शब्दात वर्णन करून बघा, शब्द डिक्शनरीत नसला तरी नियमाने बनला असेल तर तो बरोबरच.

पायरी ७ : दुखणं सांगणं

दोलोरी म्हणजे दुखणं, आणि रचना मराठीसारखीच. मिया दोर्सो दोलोरास, माझी पाठ दुखते. मिया वेन्त्रो दोलोरास, माझं पोट दुखतं. ‘मला डोकेदुखी आहे’ असं हवं तर मी हावास कापदोलोरोन, न विसरू नका कारण हावास ला कर्म लागतं. दातदुखी देन्तोदोलोरो, त्यात मधला ओ ठेवलाय कारण त आणि द शेजारी आले की जीभ अडखळते, हा ओ उच्चाराच्या सोयीसाठी ठेवायचा की काढायचा हे आपल्या हातात असतं, कोर्पोपार्तोमध्येही म्हणूनच ठेवला होता.

प्रश्न करायचा तर सुरुवातीला चू लावा, आपण शेवटी ‘का’ लावतो तसा. चू दोलोरास? दुखतंय का? किए दोलोरास? कुठे दुखतंय? उत्तर : ची तीए, म्हणजे इथे. आजारी म्हणजे मालसाना, ‘साना’ निरोगी आणि ‘माल’ म्हणजे उलट. या माल ने डिक्शनरी अर्धी होते, दीका जाड तर मालदीका बारीक, फोर्ता बलवान तर मालफोर्ता अशक्त. निरोगी शरीरात निरोगी मन हे रोमन कवी जुवेनालचं वचन एस्पेरांतोत साना मेन्सो एन साना कोर्पो होतं, पाठ करून टाका, यात नामाची ओ आणि विशेषणाची आ या दोन्ही शेपट्या आहेत. न का नाही लागला ते स्वतःच सांगा (कुणी कुठे जात नाहीये, मन आधीच आत आहे).

पायरी ८ : चुलत भाषांमध्ये डोकावणं

ही पायरी एस्पेरांतो बऱ्यापैकी पक्की झाल्यावरच. आधीच डोकावलात तर सगळ्यांची खिचडी होते आणि मग एकही धड येत नाही.

इदो ही एस्पेरांतोची सुधारलेली आवृत्ती म्हणून १९०७ मध्ये पुढे आली, नावाचा अर्थच ‘वंशज’. तिथेही शरीर कोर्पोच, पण अनेकवचन कोर्पी. विशेषण नामामागे फिरत नाही, निळे डोळे म्हणजे ब्लुआ ओकुली. कर्माचा न फक्त शब्दांचा क्रम उलटला तरच. टोपीवाली अक्षरं नाहीत, खांदा शुल्त्रोच पण श साठी एस-एच लिहितात. डोकं, नाक, दात, रक्त सारखेच, पण हात मानुओ, दंड ब्राकिओ, पाऊल पेदो, तोंड बोको आणि हृदय कोर्दिओ. दिसायला हे बदल किरकोळ वाटतात आणि नेमके म्हणूनच त्रास देतात, अगदी वेगळी भाषा परवडली.

इंटरलिंग्वात (१९५१, अलेक्झांडर गोडे आणि त्याच्या संस्थेचं काम) शरीर कोर्पोरे. हा ‘रे’ कुठून आला? लॅटिनमध्ये मूळ रूप कोर्पुस, पण विभक्ती लागली की अंग होतं कोर्पोर्, आणि युरोपीय भाषांतले साधित शब्द त्या कोर्पोर् वरून बनलेत, कॉर्पोरेशन, इन्कॉर्पोरेट वगैरे. इंटरलिंग्वाला साधित शब्द सहज बनवता यायला हवे होते म्हणून तिने लांब अंग उचललं. त्याआधी १९०३ मध्ये गणितज्ञ ज्युसेप्पे पेआनोने लॅटिनच्या विभक्त्या काढून टाकलेली लातिनो सिने फ्लेक्सिओने नावाची भाषा मांडली, तिथेही कोर्पोरेच, तिथे कारण असं की त्याने नामं लॅटिनच्या पंचमीसारख्या रूपातून घ्यायचा नियम केला. दोन वेगळे रस्ते, मुक्काम एकच. एक सापळा आहे बरं का, इंटरलिंग्वात कोर्दे म्हणजे हृदय, आणि एस्पेरांतोत कोर्दो म्हणजे तार. आणि लिंग्वा म्हणजे जीभही आणि भाषाही, जिथे एस्पेरांतो लान्गो आणि लीन्ग्वो असे दोन वेगळे शब्द ठेवते.

लिंग्वा फ्रांका नोवा या अलीकडच्या भाषेत सरळ कोर्पो. इटालियन आणि पोर्तुगीजमध्येही कोर्पो, स्पॅनिश क्वेर्पो, फ्रेंच लिहिताना लांबलचक आणि बोलताना नुसतं ‘कोर’, जर्मन क्योर्पर. म्हणजे एक शब्द शिकून अर्ध्या युरोपात निदान अंदाज लागतो. याला अपवाद व्होलाप्युक, एस्पेरांतोच्या आधीची, जर्मन पाद्री योहान मार्टिन श्लायरची. तिथे शरीर म्हणजे कोआप. श्लायरने र टाळला कारण काही लोकांना तो उच्चारायला कठीण जातो असं त्याला वाटलं, आणि टाळता टाळता शब्द ओळखू येईनासे झाले. मला विचाराल तर व्होलाप्युक मागे पडण्यामागे हेही एक कारण असणार, माणसाला नवीन भाषेत एखादा तरी ओळखीचा चेहरा लागतो.

पायरी ९ : तपासायचं कुठे

अर्थ बघायला रेता वोर्तारो ही ऑनलाइन डिक्शनरी, तिथे मूळ शोधलं की त्याची सगळी जोडकामं एका पानावर मिळतात, कोर्प टाका आणि पायरी ४ स्वतः वाढवा. जड काम असेल तर प्लेना इलुस्त्रिता वोर्तारो, तीही ऑनलाइन आहे, पण व्याख्या एस्पेरांतोतच असल्याने सुरुवातीला दमछाक होते. कोर्स हवा असेल तर लेर्नू साइट फुकट आहे. आणि एखादा शब्द खरोखर लोक कसा वापरतात ते बघायला तेक्स्तारो, झामेनहोफच्या लिखाणापासूनचा मजकूर त्यात शोधता येतो. कोर्पोन शोधा आणि प्रत्येक वाक्यात तो न कर्माचा आहे की दिशेचा ते ओळखा, पायरी ३ चा यापेक्षा चांगला व्यायाम मला माहीत नाही.

टाइप करताना टोपीवाली अक्षरं कीबोर्डवर नसतील तर साध्या अक्षरापुढे एक्स टाका, बूशोतल्या श साठी एस आणि एक्स, हाउतोतल्या उ साठी यू आणि एक्स. एक्स हे अक्षर एस्पेरांतोच्या २८ अक्षरांत नाहीच त्यामुळे गोंधळ होत नाही, आणि बऱ्याच साइट्स तो एक्स आपोआप टोपीत बदलून देतात. मोबाइलवर मात्र हे कशाला, सेटिंगमध्ये एस्पेरांतो कीबोर्ड ॲड करा, सहाही अक्षरं मिळतात.